ध्रुवचा शब्द

“मग मला इंटर्न करून घ्या,” वनमाला म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. वनमाला म्हणजे माझी भावजय. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, उभ्या जन्मात कधी नोकरी केलेली नाही. आणि ही बाई दौलतगंजातल्या एका दुकानाच्या माडीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लेकीच्या वयाच्या पोरीला सांगत होती की मला इंटर्न करून घ्या!

ती पोरगी म्हणजे अश्लेषा. ‘पगडंडी’ नावाचं युवा केंद्र ती चालवते. शाळा सुटलेली आणि कॉलेजचं तोंड न पाहिलेली मुलं-मुली दुपारी तिथे येतात. चारचौघांत बोलायचं कसं, मुलाखत द्यायची कशी, पुढे काय शिकायचं, हे त्यांना शिकवतात. शिकवणारे बहुतेक इंटर्न, म्हणजे समाजकार्य शिकणारे कॉलेजचे विद्यार्थी. आमचा ध्रुव त्यांतलाच. वनमालेचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. ऑक्टोबरात डेंग्यूने गेला. ताप आला काय, आमच्या कंपू भागातल्या दवाखान्यात नेला काय, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत पुरुष मंडळी त्याला घाटावर पोचवून आली. बावीस वर्षांचा मुलगा! देवाला काही लाज?

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वनमालेने त्याची पिशवी काढली. केंद्राचा टी-शर्ट, रंगीत खडू, गुंडाळलेले मोठमोठे कागद. म्हणाली, वन्सं, हे त्यांचं त्यांना देऊन येऊ. मी सोबत गेले, ती कुठे रस्त्यात बसली-बिसली तर, म्हणून. आणि तिथे पिशवी द्यायची सोडून ही बया नोकरीच मागायला लागली.

अश्लेषा बिचारी गडबडली. “काकू, असं नाही होत ना. इंटर्नला कॉलेज भेजता है. आणि वरून सांगितलंय की ध्रुवची बॅच बंद करून टाका. थोडी मुलं दुसऱ्या बॅचमध्ये घेऊ.”

“आणि बाकीची?”

“बाकीची... घरीच बसतील, और क्या.”

“ध्रुवला काही अर्धवट सोडलेलं चालत नाही,” वनमाला म्हणाली. जसा काही तो शेजारच्या खोलीत बसला होता.

ध्रुव गेला, हे तिने तोवर तोंडाने उच्चारलंच नव्हतं. दवाखान्यात नाही, घाटावरून पुरुष मंडळी परतली तेव्हा नाही, पिंडाला कावळा शिवला तेव्हासुद्धा नाही. रडली मात्र होती, नाही असं नाही. पण तो शब्द तिच्या ओठांवर येत नव्हता, आणि आम्हीही तिला टोकत नव्हतो.

तेवढ्यात जिना वाजला आणि मुलं आली. आम्हाला बघून गप्प झाली. सगळी खाली सतरंजीवर गोल करून बसली, आम्हालाही बसवलं. त्यांची एक रीत आहे. सुरुवातीला प्रत्येकाने सांगायचं की आज आपल्या आत मौसम कुठला आहे. ऊन, पाऊस, धुकं, काय असेल ते. आणि दुसऱ्याने त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. सल्ला नाही, समजूत नाही, नुसतं ऐकायचं आणि पुढच्याकडे वळायचं. मी जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं. मला हा प्रकार अगदी खुळचट वाटला.

एक मुलगा म्हणाला, “मेरा कोहरा है. पापा ने कल फिर पी.” माझ्या जिभेवर आलंच होतं की अरे, मग मामाला बोलाव, काकाला सांग. अश्लेषेने हळूच मान हलवली. मी गिळलं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, “माझं मौसम-बिसम काही नाही बाई, मी हिच्यासोबत आलेय.” पोरं खुदकन हसली.

मग वनमाला. ती किती तरी वेळ सतरंजीची दशी ओढत बसली. शेवटी म्हणाली, “मालूम नहीं, बेटा.”

कोणी काही म्हणालं नाही. शेजारच्या मुलीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आपलं सांगितलं, “मेरी आज धूप-छाँव है.” गोल पुढे सरकला.

जिना उतरताना वनमाला माझ्या दंडाला धरून म्हणाली, “वन्सं, इथे कोणी काही म्हणत नाही हो.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेरा दिवस आमच्या घरी माणसांची रीघ होती. इकडे हिंदी मुलखात, आमच्या गावात मराठी घरं उरली किती, पण दुःखाला सगळी हजर. येणारा प्रत्येक जण काहीतरी म्हणून जायचा. धीर धरा. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. नवऱ्याकडे बघून सावरा. एक बाई तर म्हणाली की लग्न झालेलं नव्हतं हेच एक बरं, नाहीतर परक्याच्या पोरीचं नुकसान झालं असतं. मी तिला जिन्याखाली पोचवायला गेले आणि वर येऊन दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. वनमाला मात्र प्रत्येकाला पाणी आणून द्यायची आणि मान हलवायची.

घरी येऊन मी गोपाळला सांगितलं, “तुझी बायको इंटर्न व्हायला निघालीय.” गोपाळकृष्ण माझा धाकटा भाऊ. बँकेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. तो खिडकीशी बसला होता, तसाच बसून राहिला. म्हणाला, “जाऊ दे तिला, ताई. मला कुठे जाता आलं असतं तर मीही गेलो असतो.”

अश्लेषेने वरच्यांशी काय झटापट केली कोण जाणे, पण वनमालेला ठेवून घेतलं. मग काय विचारता! कंपूत चर्चेला विषय मिळाला. सुतक फिटलं न फिटलं तोच बाई बाहेर पडायला लागली. भाजीवाल्यापाशी मला एकीने गाठलं. “कुसुमताई, वनमालावहिनी म्हणे कुठे ट्रेनिंगला जातात?” म्हटलं, “हो, कलेक्टर व्हायचंय तिला.” मलाही ते पटलं नव्हतं, पण म्हणून मी माझ्या भावजयीबद्दल बाहेर ऐकून घेणार नाही.

सतरंज्या घालायच्या, फळ्यावर तारीख लिहायची, मोठ्या कागदावर मुलांची चित्रं चिकटवायची, न आलेल्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे इंटर्नचं काम. आणि खेळ घ्यायचे. एकदा मी डबा द्यायला गेले तर ही पदर खोचून, दोन्ही हातांचे पंजे करून, “मैं शेर!” म्हणून गुरगुरत होती आणि पोरं खोलीभर पळत होती. मला आधी हसू आलं. हा खेळ ध्रुव लहानपणी तिच्याशी खेळायचा. मी डबा तिथेच ठेवून परत फिरले.

न येणाऱ्यांत एक मुलगी होती, सोनल. ध्रुवच्या बॅचमधली सगळ्यांत हुशार, असं अश्लेषा म्हणाली. शिंदे की छावणी नावाच्या मोहल्ल्यात राहायची. वनमाला म्हणाली, “वन्सं, चला ना माझ्याबरोबर. परक्या घरी दोघी असलेल्या बऱ्या.”

घर मराठ्यांचं. आजोबा दौलतसिंह कदम, फौजेतून निवृत्त झालेले. ऐंशीच्या घरातले, पण पाठ ताठ. सोनलचा बाप हेमेंद्र दाराआड उभा होता आणि सगळा वेळ तिथेच उभा राहिला. बोलायचं काम म्हाताऱ्याचं. वनमालेला बघून ते चटकन उठले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि परत बसले.

“आमच्याकडे मुली अशा एकट्या फिरत नाहीत, बाईसाहेब,” ते म्हणाले. “पण तुमचा मुलगा आला. इथेच बसला. म्हणाला, आबासाहेब, सोनलला मी रोज दारातून घेऊन जाईन आणि दारात आणून सोडीन, कोर्स पूरा होईपर्यंत. शब्द दिला त्याने. मी म्हटलं, ठीक आहे, मीही दिला. एक दिवस चुकला नाही हो पोरगा. आता मी मुलीला कोणाच्या शब्दावर धाडू?”

“त्याच्याच,” वनमाला म्हणाली. “शब्द त्याचाच. मी पाळते.”

“त्याचा शब्द, तुम्ही पाळणार?”

“हो. त्याने जेवढा दिलाय तेवढा.”

म्हाताऱ्याने आत हाक मारली, “सोनल, चप्पल घाल.”

त्या दिवसापासून वनमाला दुपारी छावणीत जायची, सोनलला घेऊन दौलतगंजात यायची आणि संध्याकाळी परत पोचवून घरी. थंडी पडली. फूलबागेजवळ पुढचं माणूस दिसू नये असं धुकं, त्यातून या दोघी शाली पांघरून चालायच्या. रिक्षा करा म्हटलं तर म्हणायची, ध्रुव चालतच नेतो. गुडघ्यांना मी तेल चोळायची आणि चोळताना बडबडायची. ती ऐकून घ्यायची. जेवताना मात्र बोलायला लागली होती. आज सोनलने असं उत्तर दिलं, आज सोनल मुलाखतीच्या सरावात अडखळली नाही. गोपाळही ऐकायचा. घरात माणसाचा आवाज आला याचं मला बरं वाटायचं, आणि रात्री अंथरुणावर पडले की भीती वाटायची. कारण तिच्या बोलण्यात ध्रुव अजून बाहेर गेलेला होता, आणि ती त्याचं काम फक्त सांभाळत होती. कोर्स संपेल तेव्हा हिचं काय होईल?

जानेवारीत युवा दिवसाला कोर्सचा समारोप झाला. सोनलची निवड झाली होती! भोपाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दोन वर्षांचं प्रशिक्षण, राहणं-खाणं तिथेच, आणि पुढे नोकरी. बॅचमधून तिची एकटीची. पोरीने धावत येऊन वनमालेला मिठी मारली आणि रडत रडत म्हणाली, “काकू, आबासाहेबांना तुम्हीच सांगा. मेरी तो हिम्मत नहीं है.”

संध्याकाळी आम्ही तिघी छावणीत गेलो. दौलतसिंह लोखंडी खाटेवर बसले होते. आम्हाला समोर चटई घातली. चहा आला. वनमालेने सगळं सांगितलं, अगदी एका दमात, भोपाळच्या वसतिगृहाला फाटक आहे आणि रखवालदार आहे इथपर्यंत.

दौलतसिंह म्हणाले, “कोर्स पूरा झाला?”

“आजच झाला.”

“मग शब्दही पूरा झाला. त्याने तोलून दिला होता, तुम्ही तोलून पाळलात. असं आजकाल कोण करतं? मी मानतो तुम्हाला. पण भोपाळ त्यात नव्हतं, बाईसाहेब.”

दाराशी उभी असलेली सोनल खालीच बसली.

“ध्रुवच्या मनात होतं तिला पुढे शिकवायचं,” वनमाला म्हणाली.

“मनात असणं वेगळं, शब्द वेगळा.”

“त्याला विचारलं असतं तर त्याने हाही दिला असता.”

म्हातारा आवाज खाली आणून म्हणाला, “भोपाळचा शब्द मग कोणाचा? त्याचा, की तुमचा? त्याचा असेल तर तो संपला. तुमचा असेल तर तसं सांगा.”

माझं टाळकंच सटकलं. अरे, माणूस आहेस की कोण? पोटचा गोळा गेलेल्या बाईला हे विचारतोस? मी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण वनमालेने माझ्या मांडीवर हात ठेवला. तिने दुसऱ्या हातातला कप खाली ठेवला, तर चहा बशीत सांडला.

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तो माणूस पुन्हा पुन्हा किक मारत होता. मला वाटलं, ही आता उठेल आणि चालू लागेल. उठली असती तर मी तिला एका शब्दाने काही म्हटलं नसतं. दुनियेतल्या सगळ्या सोनल घरी बसल्या तरी चालतील, पण हिला आता कोणी छेडू नका, असं मला अगदी मनापासून वाटलं.

“ध्रुव नाही,” वनमाला म्हणाली.

मग पुन्हा, जरा मोठ्याने, “ध्रुव गेला, आबासाहेब. दसऱ्यानंतर गेला. माझ्या हातात त्याचा हात होता. पहाटे नर्स आली आणि तिने तो सोडवला. तो आता कोणाला शब्द देणार नाही. त्याने दिलेला होता तेवढा पुरा झाला.”

मी तिची पाठ धरली.

“हा माझा,” ती म्हणाली. “दर महिन्याला मी भोपाळला जाईन. हिला डोळ्यांनी बघीन, आणि परत येऊन इथे, या चटईवर बसून तुम्हाला सांगीन. दोन वर्षं. माझं काही बरं-वाईट झालं तर शब्द संपला, तुम्ही हिला घेऊन या. पण मी आहे तोवर माझा.”

दाराआडून हेमेंद्र पहिल्यांदा पुढे आला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मान्य आहे,” ते म्हणाले. “सोनल भोपाळला जाईल.”

सोनलच्या तोंडून हुंदका फुटला. वनमालेने तिच्याकडे मान वळवली नाही. तिचा पदर तोंडावर होता आणि ती हलत होती, पण आवाज नव्हता.

दौलतसिंहांनी पाय खाटेवरून खाली सोडले. खाटेच्या लोखंडी दांडीला धरून ते हळूहळू वाकायला लागले. हेमेंद्र सावरायला धावला, तर त्याचा हात त्यांनी झटकला. एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि शेवटी चटई सोडून, गार फरशीवर, आमच्यासमोर मांडी घालून बसले. दुखवट्याच्या घरी बसतात तसे.

“मी आलो होतो, बाईसाहेब,” ते म्हणाले. “खबर लागली त्याच दिवशी, कंपूत, तुमच्या घरी. दार तुम्हीच उघडलंत. म्हणालात, ध्रुव बाहेर गेलाय, मागाहून या. मी तसाच परतलो. तुम्ही तो बाहेर गेलाय म्हणता, मग मी आत येऊन कोणासाठी बसणार होतो?”

हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी आत गोपाळपाशी होते. वनमालेनेही कधी सांगितलं नाही. तिला आठवत तरी होतं की नाही, देव जाणे.

“आता बसू द्या,” ते म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे धीर धरा म्हणाले नाहीत, की काही नाही.

वनमालेने तोंडावरचा पदर काढला आणि रडू लागली. मोठ्याने, गावाकडच्या बायका रडतात तशी, त्याचं नाव घेऊन. मीही रडले. हेमेंद्र भिंतीला टेकून उभा होता. म्हातारा मान खाली घालून बसला होता, आणि त्याचे गुडघे दुखत असणार, पण तो हलला नाही.

बऱ्याच वेळाने सोनल तांब्या-भांडं घेऊन आली आणि रीतीप्रमाणे आधी आजोबांसमोर वाकली. त्यांनी हातानेच खूण केली, आधी बाईसाहेबांना दे.

वनमालेने भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि पाणी प्यायली.